थीब्ज: जिची गोष्ट शेजाऱ्यांनी सांगितली

प्रश्न असा आहे: "ईडिपस आणि अँटिगनी ज्या थीब्जमधले, ते इजिप्तमधलं की ग्रीसमधलं? हे शहर खरोखर होतं, की फक्त पुराणात? आणि खरं असेल तर ग्रीसचा इतिहास म्हटलं की अथेन्स आणि स्पार्टा एवढंच का ऐकू येतं? पुढच्या वर्षी ग्रीसला जाणार आहोत, तिथे पाहण्यासारखं काही उरलंय का?"

मी गेली सव्वीस वर्षं प्राचीन ग्रीसचा इतिहास शिकवते. दर वर्षी कुठला ना कुठला विद्यार्थी यातला पहिला प्रश्न विचारतो. तिसरा मात्र फार क्वचित येतो आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. म्हणून पहिले दोन आधी संपवते आणि तिसऱ्यावर जरा रेंगाळते.

थीब्ज दोन आहेत. इजिप्तमधलं थीब्ज म्हणजे आजचं लक्सर. ते नाव ग्रीकांनी दिलं. होमर त्याला शंभर वेशींचं म्हणतो. ग्रीसमधलं थीब्ज सात वेशींचं. ते अथेन्सच्या वायव्येला बीओशिया नावाच्या सुपीक सखल मुलखात आहे आणि दोन्ही मुलखांच्या मध्ये सिथीरॉन डोंगर उभा आहे. ईडिपस या दुसऱ्या थीब्जचा. त्याचं नाव मराठीत 'ओयदिपौस' असंही लिहितात, कारण पु. ल. देशपांडे यांनी सॉफोक्लीजचं नाटक मराठीत आणलं ते 'राजा ओयदिपौस' या नावानं. नावं दोन दिसली तरी माणूस एकच.

आता कथा. ग्रीक पुराणात एकट्या ट्रॉयची गोष्ट सोडली तर थीब्जइतक्या कथा दुसऱ्या कुठल्याच शहराच्या वाट्याला आलेल्या नाहीत. सुरुवात कॅडमसपासून होते. तो फिनिशियाचा, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचा राजपुत्र. झ्यूसनं त्याची बहीण युरोपा हिला पळवून नेलं, तेव्हा बापानं त्याला तिच्या शोधात पाठवलं. ती सापडेना, तेव्हा डेल्फीच्या देवळात त्याला कौल मिळाला: बहिणीचा नाद सोड, वाटेत एक गाय भेटेल, तिच्या मागे जा आणि ती जिथे बसेल तिथे नगर वसव. गाय बसली ती बीओशियात. ग्रीकमध्ये 'बूस' म्हणजे गाय, आणि लोक त्या मुलखाचं नाव त्यावरूनच आलं असं सांगत. तिथल्या झऱ्यावर राखण करणाऱ्या सर्पाला कॅडमसनं मारलं आणि त्याचे दात जमिनीत पेरले. त्या दातांतून शस्त्रधारी माणसं उगवली आणि आपसांतच लढू लागली. पाच उरले. थीब्जची जुनी घराणी आपला वंश या पाच 'पेरलेल्या' पुरुषांपर्यंत नेत.

म्हणजे नगराच्या पायातच दोन परस्परविरोधी गोष्टी आहेत: संस्थापक परदेशी, आणि प्रजा मात्र थेट त्या मातीतून उगवलेली. पुढच्या सगळ्या कथांत हेच दुखणं फिरून फिरून वर येतं. आपलं कोण आणि परकं कोण, हे या शहराला कधी नीट ओळखता येत नाही. कॅडमसची मुलगी सेमेली हिला झ्यूसपासून डायोनायसस झाला, पण तो देव आहे हे तिच्या सख्ख्या बहिणींनीच मानलं नाही. तो मोठा होऊन परत आला तेव्हा त्याचा मावसभाऊ पेन्थियस गादीवर होता. त्यानं या 'परक्या' देवाला कैद केलं. शेवटी पेन्थियसच्या आईनंच सिथीरॉनवर उन्मादात पोटच्या मुलाला सिंह समजून फाडलं. पुढे ईडिपस. त्याला वाटतं आपण परगावचे, आणि निघतो तो याच राजवाड्यात जन्मलेला. ज्याला वाटेत मारलं तो बाप होता, जिच्याशी लग्न केलं ती आई. त्याचे दोन मुलगे गादीसाठी लढतात, एक शहराच्या आतून आणि दुसरा परक्यांचं सैन्य घेऊन बाहेरून. दोघं एकमेकांच्या हातून मरतात. मग त्यांची बहीण अँटिगनी हिच्यापुढे प्रश्न येतो: शत्रू म्हणून जाहीर झालेला भाऊ आपला मानायचा की परका? हेराक्लीजचा जन्मही इथलाच आणि आंधळा द्रष्टा टायरिसिअसही इथलाच, पण त्यांच्याकडे वळले तर उत्तर कधी संपायचं नाही.

यातलं खरं किती? ईडिपस नावाचा राजा होऊन गेल्याचा कसलाही पुरावा नाही, आणि तो मिळेल असं मला वाटत नाही. पण ज्या नगराभोवती या कथा जमल्या ते नगर अगदी खरं आहे. आजच्या थीवा गावाखाली ते गाडलेलं आहे. मध्यभागी एक बुटकी, लांबट टेकडी आहे. तिचं प्राचीन नाव कॅडमिया. तिच्यावर आज घरं, दुकानं, शाळा आहेत, म्हणून मायसिनी या दुसऱ्या प्राचीन ग्रीक नगरासारखं सलग उत्खनन इथे कधी होऊ शकलं नाही. कुणी जुनं घर पाडलं, नव्या इमारतीचा पाया खणला, की तेवढ्या तुकड्यात पुरातत्त्व खात्याची माणसं उतरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँटोनिओस केरामोपुलोस यांनी टेकडीच्या मधोमध कांस्ययुगातल्या राजवाड्याचा एक भाग उघडा केला. तिथे तेलाच्या मोठ्या तोटीच्या बरण्या निघाल्या. त्यांच्यावर रंगानं काढलेली अक्षरं होती, पण १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस यांनी लिनिअर बी ही कांस्ययुगातली लिपी उलगडेपर्यंत ती कुणाला वाचता आली नाहीत. ती भाषा ग्रीकच निघाली, आणि त्यातल्या बऱ्याच बरण्या क्रीट बेटावरून आलेल्या होत्या.

पुढे १९९३ ते १९९५ या काळात पेलोपिडस रस्त्याच्या खाली पाण्याचे नळ टाकण्याच्या निमित्तानं खोदकाम झालं तेव्हा लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे मिळून दोनशेहून जास्त नग सापडले. त्यांच्यावर काव्य नाही, राजांची नावं नाहीत, शाप नाहीत. आहे ते कोठारातलं रोजचं टिपण: कुणाला किती धान्य दिलं, लोकर कुठे गेली. त्याआधी सापडलेल्या मातीच्या मोहोरांवर समुद्रापलीकडच्या युबीआ बेटावरच्या कॅरिस्टॉस आणि अमारिन्थॉस या गावांची नावं आहेत; थीब्जसाठी तिथून जनावरं येत होती. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तेराव्या शतकात थीब्जच्या राजवाड्याचा हात समुद्र ओलांडून पोचत होता. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की ईडिपसच्या शोधात निघालेल्या माणसाला इथे कारकून भेटतो, आणि त्या कारकुनावर आपण जास्त विश्वास ठेवू शकतो.

मात्र एक शोध असा आहे की त्यापुढे भल्याभल्यांचा तोल जातो. १९६३ साली कॅडमियावरच, ज्याला आज ईडिपसचंच नाव आहे त्या रस्त्यावर, जळालेल्या राजवाड्याच्या एका भागात दंडगोल मुद्रांचा साठा मिळाला. ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायच्या या छोट्या दगडी नळ्या मेसोपोटेमियाच्या पद्धतीच्या. त्यांतल्या तीस-एक मुद्रा गर्द निळ्या लाजवर्दाच्या आहेत, आणि लाजवर्द त्या काळी येत असे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. त्याच खाणींतून तो आपल्या सिंधू संस्कृतीच्या शहरांतही येई. एका मुद्रेवरच्या कीलाक्षरांत बॅबिलोनचा राजा बुर्ना-बुरियाश याच्या सेवकाचं नाव वाचता येतं. हा राजा इ.स.पू. चौदाव्या शतकातला.

आता विचार करा. कथा सांगते की थीब्ज पूर्वेकडून आलेल्या राजपुत्रानं वसवलं आणि त्यानं ग्रीकांना अक्षरं दिली. आणि त्याच टेकडीत पूर्वेकडचे लेख कोरलेल्या मुद्रा निघतात. कॅडमस सापडला, अशी हवा लगेच झाली. मला ही घाई मान्य नाही. मुद्रा बॅबिलोनच्या, सायप्रसच्या आहेत. कथेतला कॅडमस फिनिशियाचा. त्या इथे व्यापारातून आल्या असतील, राजाराजांच्या भेटीतून आल्या असतील, किंवा नुसता किमती दगड म्हणून, पुन्हा घडवण्यासाठी आणल्या असतील. आणि ज्या फिनिशियन अक्षरांतून ग्रीक वर्णमाला झाली ती इथे पोचली राजवाडा जळून काही शतकं उलटल्यावर. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस सांगतो की थीब्जच्या इस्मेनियन अपोलोच्या देवळात आपण 'कॅडमसच्या काळची अक्षरं' स्वतः पाहिली. पण ती बहुतेक आयोनियन अक्षरांसारखीच दिसत होती, हेही तो प्रामाणिकपणे लिहितो. म्हणजे त्यानं पाहिलं ते कॅडमसच्या काळचं नव्हतंच. पूर्वेशी थीब्जचा जुना संबंध होता आणि त्याची अंधूक आठवण लोकांत टिकली असावी, एवढंच मी म्हणेन. त्यापुढे जायला पुरावा लागेल.

पण एका ठिकाणी माझाही मोह आवरत नाही. राजवाडा इ.स.पू. १२०० च्या आगेमागे आगीत संपला. तिथे परत कुणी घर बांधलं नाही. शहराच्या ऐन मध्यात जळके दगड तसेच राहिले. सुमारे चौदाशे वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, पॉसेनिअस हा प्रवासी आला तेव्हा लोकांनी त्याला कॅडमसच्या वाड्याचे अवशेष दाखवले आणि त्यातच सेमेलीचं शयनगृह. तिथे पाऊल टाकायला कुणालाही बंदी होती. सेमेलीची कथा अशी: झ्यूसला त्याच्या खऱ्या रूपात बघायचा हट्ट तिनं धरला, तो विजेच्या लोळात प्रकटला आणि ती महालासकट जळून गेली. युरिपिडीजचं 'बाखे' नाटक सुरू होतं तेच या अजून धुमसणाऱ्या पडक्या जागेपाशी. गावाच्या मधोमध अशी काळी पडलेली जागा असेल तर पिढ्यानपिढ्या मुलं विचारणारच, इथे काय झालं होतं? उत्तर म्हणून वीज आली असेल. हे सिद्ध करता येणार नाही, पण कथा आणि राख एकाच जागी सापडतात हे मला फार मोलाचं वाटतं.

शहराच्या नाशाबद्दल आणखी एक. पुराणात थीब्जवर दोन स्वाऱ्या होतात. पहिली सात वीरांची, ती फसते. दुसरी त्यांच्या मुलांची, ती शहर धुळीला मिळवते, आणि ही दुसरी ट्रॉयच्या युद्धाच्या थोडी आधी. 'इलियड'मध्ये ट्रॉयला गेलेल्या गलबतांची लांबलचक यादी आहे. तिच्यात बीओशियाच्या गावांची रांग लागते, पण थीब्जचं नाव सरळ येत नाही, येतं ते 'खालचं थीब्ज'. जणू वरची टेकडी ओसाडच पडली होती. होमरच्या आणि त्याच सुमाराच्या हेसिअड या कवीच्या काळी थीब्जचं युद्ध ट्रॉयच्या युद्धाच्या बरोबरीचं मानलं जाई. वीरांची पिढी कशी संपली हे सांगताना हेसिअड दोन्ही ठिकाणांचं नाव एका दमात घेतो. या थीबन युद्धांवरही महाकाव्यं होती. ती हरवली, आज काही ओळी तेवढ्या उरल्या आहेत.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथून सुरू होतं. ट्रॉयची महाकाव्यं टिकली, थीब्जची टिकली नाहीत. मग आपल्याला थीब्ज कुणाकडून कळलं? अथेन्सच्या नाटककारांकडून. एस्किलस, सॉफोक्लीज, युरिपिडीज तिघंही अथेन्सचे, त्यांची नाटकं अथेन्सच्या उत्सवात, अथेन्सच्या नागरिकांपुढे होत. आणि थीब्ज हा अथेन्सचा सख्खा शेजारी आणि पिढीजात वैरी. सीमेवरून तंटे, प्लॅटिया या छोट्या गावावरून तंटे. शेजाऱ्याला 'बीओशियन डुक्कर' म्हणून हिणवण्याइतपत कटुता.

'ओडिसी' उघडून पाहा. तिथेही ईडिपसची आई, नाव वेगळं आहे, सत्य कळल्यावर गळफास घेते. पण ईडिपस दुःख सोसत थीब्जवर राज्य करत राहतो. डोळे फोडून घेणं नाही, देशोधडीला लागणं नाही. 'इलियड'मध्ये तर त्याच्या अंत्यविधीचे खेळ थीब्जमध्येच झाल्याचा उल्लेख येतो. सॉफोक्लीजच्या शेवटच्या नाटकात मात्र आंधळा ईडिपस आश्रय मागतो अथेन्सच्या वेशीवर, अथेन्सचा राजा थीसिअस त्याला अभय देतो, आणि त्याचं मरण अथेन्सच्या भूमीला पुण्याई मिळवून देतं. युरिपिडीजच्या एका नाटकात थीब्ज मेलेल्या शत्रूंची प्रेतं द्यायला नकार देतं आणि थीसिअस सैन्य घेऊन जातो, ती आणतो, त्यांना सन्मानानं अग्नी देववतो. आता त्याच काळातला इतिहास पाहा. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलिअमच्या लढाईत बीओशियाच्या सैन्यानं अथेन्सचा दणदणीत पराभव केला आणि अथेन्सच्या मृतांची प्रेतं देणं अडवून धरलं. त्या युद्धाचा इतिहासकार थ्युसिडिडीज लिहितो की ती मिळाली सतराव्या दिवशी. त्या नाटकाच्या प्रेक्षकांत कित्येक घरं अशी असणार, ज्यांचा मुलगा त्या रानात सतरा दिवस पडून होता.

नाटक त्यामुळे लहान होत नाही. अँटिगनीच्या तोडीचं फार थोडं जगात लिहिलं गेलं आहे असं मी मानते. पण हे लक्षात ठेवूनच वाचायला हवं. पितृहत्या, भाऊबंदकी, जुलमी राजा, प्रेताची विटंबना: ज्या गोष्टी अथेन्सला स्वतःच्या रस्त्यांवर घडलेल्या पाहायच्या नव्हत्या त्या त्यानं सिथीरॉनच्या पलीकडे नेऊन घडवल्या. थीब्जच्या लोकांनी स्वतः ईडिपसबद्दल काय म्हटलं असतं, ते आपल्यापर्यंत पोचलेलं नाही.

इतिहासकारांचंही तेच. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीज चालून आला तेव्हा थीब्ज त्याच्या बाजूला गेलं, हा त्याच्यावरचा सर्वांत मोठा डाग. डाग खरा आहे. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्याबरोबर थीब्जचे ४०० सैनिक होते. खिंड पडली आणि ते शरण गेले. पण नकाशा पाहा. थर्मोपिलीनंतर इराणी फौजेच्या वाटेत बीओशियाची सपाट जमीन उघडी पडलेली होती. अथेन्सच्या लोकांनी शहर सोडलं आणि ते गलबतांत चढले. थीब्जकडे गलबतं नव्हती. पुढे थीब्जच्या लोकांनी आपली बाजू मांडताना म्हटलं की त्या वेळी सत्ता मूठभर घराण्यांच्या हाती होती, शहराला विचारलंच कुणी नाही. हे भाषण थ्युसिडिडीजनं दिलं आहे. त्यात सफाई किती आणि सत्य किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी तरी या प्रकरणात थीब्जला निर्दोष सोडत नाही. मात्र हिरॉडोटसनं ते ज्या चवीनं रंगवलं आहे त्यावर बीओशियातल्याच प्लूटार्क या लेखकानं पाच-सहाशे वर्षांनी चिडून एक अख्खा निबंध लिहिला, हिरॉडोटसच्या दुष्टपणाबद्दल. इतक्या वर्षांनंतरही जखम ओली होती.

आणि मग ते वीस-एक वर्षांचं पर्व, जे पाठ्यपुस्तकं एका परिच्छेदात उरकतात. इ.स.पू. ३८२ मध्ये शांतता असताना एका स्पार्टन सेनापतीनं थीब्जमधल्याच फितुरांच्या मदतीनं कॅडमिया बळकावली. तीन वर्षांनी हिवाळ्यातल्या एका रात्री पेलोपिडस आणि आणखी काही निर्वासित तरुण शेतकऱ्यांच्या वेषात गावात शिरले. त्या रात्री स्पार्टाच्या बाजूच्या अधिकाऱ्यांची मेजवानी होती. बायकांचे कपडे घालून, चेहरे झाकून त्यांच्यातले काही मेजवानीत गेले आणि अधिकाऱ्यांना कापून काढलं; स्पार्टाच्या शिबंदीला टेकडी सोडावी लागली. त्यानंतर ३०० निवडक सैनिकांचं 'पवित्र पथक' उभं राहिलं. १५० जोड्या, एकमेकांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांच्या, असं प्लूटार्क सांगतो. सोबत्यासमोर कुणी पळणार नाही, हा त्यामागचा विचार.

इ.स.पू. ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या मैदानात स्पार्टा समोर आला. ग्रीक रणनीतीत सर्वोत्तम सैनिक उजव्या बगलेवर असत, म्हणून दोन्ही बाजूंचे उत्तम सैनिक सहसा समोरासमोर येतच नसत. थीब्जचा सेनापती एपामिनोंडस यानं आपले उत्तम सैनिक डावीकडे, स्पार्टाच्या राजाच्या बरोबर समोर ठेवले, एकामागे एक ५० रांगा. समोर स्पार्टाच्या रांगा होत्या जेमतेम बारा. उरलेली बाजू त्यानं मुद्दाम मागे रेंगाळत ठेवली. खोल व्यूहाची ही कल्पना एकाएकी सुचलेली नव्हती. डेलिअमलाच थीब्जचे लोक २५ रांगांनी लढले होते. एपामिनोंडसनं जुन्या सवयीचं शस्त्र केलं. स्पार्टाचा राजा क्लिओम्ब्रोटस पडला आणि तिथल्या ७०० अस्सल स्पार्टन नागरिकांपैकी ४०० मारले गेले. ही संख्या लहान वाटेल. पण स्पार्टाकडे तेव्हा असे नागरिक उरलेच फार थोडे होते.

पुढे एपामिनोंडसनं जे केलं ते मला ल्यूक्ट्रापेक्षा मोठं वाटतं. त्यानं स्पार्टाच्या मुलखात फौज घुसवली आणि मेसीनियाला स्वतंत्र केलं. तिथले लोक पिढ्यानपिढ्या, सुमारे तीनशे वर्षं, स्पार्टाचे वेठबिगार म्हणून राबत होते. स्पार्टाचा माणूस जन्मभर फक्त लढाईचा सराव करू शकत होता तो त्यांच्या शेतीवर. इ.स.पू. ३६९ मध्ये मेसीनी हे नवं शहर वसलं. त्याचे तट आजही उभे आहेत आणि ते पाहायला जरूर जा. त्यानंतर स्पार्टा परत कधी महासत्ता झाला नाही. परतल्यावर एपामिनोंडसवर खटला भरला गेला, का तर त्यानं सेनापतिपदाची मुदत ओलांडली. इ.स.पू. ३६२ मध्ये मँटिनियाच्या रणांगणावर तो जिंकता जिंकता मारला गेला, आणि त्याच्या बरोबर थीब्जचं वर्चस्वही संपलं.

एवढा माणूस, मग त्याचं नाव घरोघरी का नाही? त्या काळाचा सलग इतिहास आपल्याकडे आहे तो झेनोफॉनचा. तो जन्मानं अथेन्सचा, पण मनानं पूर्ण स्पार्टाचा. त्याच्या ल्यूक्ट्राच्या वर्णनात एपामिनोंडसचं नाव येत नाही, मेसीनीच्या स्थापनेबद्दल एक अक्षर नाही. प्लूटार्कनं एपामिनोंडसचं चरित्र लिहिलं होतं, ते हरवलं. उरलं पेलोपिडसचं. माझ्या मते थीब्जच्या वाट्याला आलेल्या विस्मृतीत जेवढा दोष घडलेल्या गोष्टींचा आहे तेवढाच कोणाचं लेखन टिकलं याचाही आहे.

शेवटचा घाव झाला तो मॅसिडोनियाचा. तिथला पुढचा राजा फिलिप, अलेक्झांडरचा बाप, तरुणपणी थीब्जमध्ये ओलीस म्हणून राहिला होता. युद्धकला त्यानं इथेच जवळून पाहिली. इ.स.पू. ३३८ मध्ये किरोनियाला त्यानंच थीब्ज आणि अथेन्सच्या एकत्र सैन्याचा पराभव केला. पवित्र पथक जागचं हललं नाही आणि तिथेच कापलं गेलं. एकोणिसाव्या शतकात तिथल्या दगडी सिंहाजवळ उत्खनन झालं तेव्हा ओळीनं मांडलेले २५४ सांगाडे मिळाले. ते या पथकाचेच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फिलिपनंतर अलेक्झांडर गादीवर आला, तो मेल्याची अफवा उठली आणि थीब्जनं उठाव केला. अलेक्झांडर उत्तरेकडून दोन आठवड्यांच्या आत वेशीवर येऊन उभा राहिला. इ.स.पू. ३३५ मध्ये शहर पडलं. ६००० मारले गेले, ३०,००० गुलाम म्हणून विकले गेले, घरं जमीनदोस्त झाली. निकाल द्यायला त्यानं आपल्या ग्रीक मित्रांना बसवलं होतं. त्यांत प्लॅटियासारखे थीब्जनं पूर्वी चिरडलेले शेजारी होते, त्यांनी दया दाखवली नाही. देवळं सोडली आणि कवी पिंडारचं घर सोडलं. सुमारे वीस वर्षांनी कॅसँडरनं शहर पुन्हा वसवलं, पण पॉसेनिअस आला तेव्हा वस्ती फक्त टेकडीवर होती. खालचं सगळं ओसाड.

मध्ययुगात थीब्ज परत उभं राहिलं हे फार जणांना माहीत नसतं. बायझंटाईन साम्राज्यात इथलं रेशीम नावाजलेलं होतं. ११४७ साली सिसिलीच्या राजा रॉजरच्या आरमारानं शहर लुटलं आणि रेशमाचे कारागीर पकडून पालेर्मोला नेले. तरी काही वर्षांनी बेंजामिन ऑफ टुडेला हा ज्यू प्रवासी आला तेव्हा त्यानं इथे २००० ज्यू मोजले आणि ग्रीकांच्या देशात रेशीमकामात त्यांच्याइतकं निपुण कुणी नाही असं लिहिलं.

आता तुमचा प्रवास. थीवा अथेन्सहून रेल्वेनं किंवा बसनं एका दिवसात होतं. डेल्फीला जाणाऱ्या बहुतेक सहली त्याला वळसा घालून पुढे जातात, तुम्ही उतरा. ॲक्रोपोलिससारखं काही शोधू नका, निराश व्हाल. १८५३ आणि १८९३ च्या भूकंपांनंतर गाव नव्यानं बांधलेलं आहे आणि दिसायला साधं आहे. आधी संग्रहालय. आवारातला मध्ययुगीन बुरूज आणि आतली लिनिअर बीची टिपणं, लाजवर्दी मुद्रा, टॅनाग्राच्या मातीच्या चित्रित शवपेट्या. त्यांवर केस ओढून रडणाऱ्या बायका काढल्या आहेत. या पेट्यांपाशी पुरेसा वेळ ठेवा, कांस्ययुगातल्या ग्रीसचं दुःख इतकं थेट इतर कुठे बघायला मिळत नाही. मग पिंडारच्या नावाच्या रस्त्यानं दक्षिणेकडे चालत निघा. दोन इमारतींच्या मध्ये कुंपण घातलेला खड्डा दिसेल. तो कॅडमसचा वाडा. टेकडीच्या दक्षिण टोकाला इलेक्ट्रा वेशीच्या दोन गोल बुरुजांचे पाये आहेत, सात वेशींपैकी जमिनीवर नक्की दाखवता येते ती ही. त्याच बाजूला थोडं पुढे इस्मेनियन अपोलोच्या देवळाची टेकडी, हिरॉडोटसनं अक्षरं पाहिली ती.

हाताशी गाडी असेल तर त्याच दिवशी ल्यूक्ट्रा आणि किरोनिया दोन्ही होतात. ल्यूक्ट्राला शेतांच्या मधोमध थीब्जच्या विजयस्तंभाचा गोल चौथरा पुन्हा जुळवून उभा केला आहे, वर दगडात कोरलेल्या ढाली आहेत. किरोनियाचा सिंह रस्त्याच्या अगदी कडेला आहे, झाडांच्या सावलीत बसलेला. सकाळी लवकर पोचलात तर बहुतेक तुम्ही एकटेच असाल.